नव्या घराचा समास

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, असें आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली, त्याच्या काळीं घर बांधणाराची झुंज गवंडी, सुतार आणि पाऊस ह्या तिघांशींच असे. आज ह्या तिघांत चवथा एक येऊन मिळाला आहे. तो म्हणजे महापालिकेच्या कचेरींतून परत आलेला नकाशा. पुण्याच्या पेठेंतील आमचा वाडा उतरवून त्या जागीं नवी इमारत उभारण्याचें आम्हां तिघां भावांच्या कुटुंबांनीं २०२१ सालीं ठरविलें, तेव्हां आमचा नकाशा असा तीन वेळां परत आला, आणि प्रत्येक वेळीं त्यावर तांबड्या शाईच्या खुणा होत्या. पस्तीस वर्षें मुलांच्या संस्कृत वह्यांवर तांबडी शाई चालविणाऱ्या माझ्यासारख्या शाळामास्तरास, दुसऱ्याची तांबडी शाई आपल्या कागदावर पाहून मनास काय वाटतें, हें उतारवयांत कळलें.

पहिली खूण बाजूच्या मोकळ्या जागेविषयीं होती, दुसरी जिन्याच्या रुंदीविषयीं, आणि तिसरी तळमजल्यावरील गाळ्याविषयीं. ‘आमचीच जागा, आणि आम्हांलाच ती सोडा म्हणतात!’ ही आमच्या माजघरांतील त्या दिवसांची भाषा. धाकट्या बंधूनें हिशेब करून दाखविला कीं, नियमाप्रमाणें सोडावयाची जागा सर्व मजले धरून दोन मुलांच्या निजावयाच्या खोल्यांइतकी होते. एकत्र कुटुंबांत दोन खोल्या म्हणजे काय, हें वाचकांस सांगावयास नको. ह्या तक्रारींत मी सर्वांच्या पुढें होतों. आज माझें मत अगदीं पालटलें आहे. तें कशामुळें पालटलें तें लेखाच्या शेवटीं सांगेन. त्यांत दोष माझा आहे आणि तो झांकून ठेवण्यांत कोणाचेंच हित नाहीं.

आधीं त्या मोकळ्या जागेचें पाहूं. कचेरीच्या भाषेंत तिला ‘सामासिक अंतर’ म्हणतात. हा शब्द प्रथम वाचला तेव्हां मला हसूं आलें. व्याकरणांत समास म्हणजे दोन पदांची अशी जवळीक कीं, मधला विभक्तीचा प्रत्यय गळून जावा; राजाचा पुरुष तो राजपुरुष. मग समासांत अंतर कोठलें? हा तर वदतोव्याघात झाला! परंतु मराठींत समास ह्या शब्दाचा दुसराहि एक अर्थ आहे. वहीच्या पानाच्या कडेस जी कोरी जागा सोडतात तीहि समासच. नियमास हा दुसरा समास अभिप्रेत आहे. आमच्या जुन्या पेठांतील घरें मात्र पहिल्या समासाचीं. एकाची भिंत तीच दुसऱ्याची. दोघांच्या तुळया एकाच भिंतींत शिरलेल्या. कौलें एकमेकांस टेंकलेलीं. माणसें अशा आळींतील घरें निरनिराळीं मोजतात. आग तीं एकच सामासिक पद म्हणून वाचते आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत न थांबतां जाते.

आग एका घरांतून दुसऱ्या घरीं तीन वाटांनीं जाते. ज्वाळेचा प्रत्यक्ष स्पर्श ही पहिली. वाऱ्यानें उडालेल्या ठिणग्या ही दुसरी. आणि नुसत्या उष्णतेचा झोत ही तिसरी. ही तिसरी वाट आपल्या सहसा ध्यानांत येत नाहीं. होळीपाशीं उभे राहिलें असतां ज्वाळा दूर असूनहि तोंड भाजतें, आणि चार पावलें मागें सरतांच तें सुसह्य होतें, हा अनुभव प्रत्येकाचा आहे. समोरच्या खिडकीचे पडदे तसेच भाजतात आणि मग पेटतात. चार पावलें मागें सरण्याची सोय घरास नाहीं, म्हणून तीं पावलें बांधतांनाच सोडून ठेवावीं लागतात. इमारत जितकी उंच तितका आगीचा पसारा मोठा आणि बाहेरून पोंचणें अवघड. म्हणून उंचीबरोबर अंतरहि वाढवावें लागतें. शिवाय ह्याच जागेंतून आगीचा बंब आंत यावयाचा असतो. राष्ट्रीय इमारत संहितेंत उंच इमारतीभोंवतीं किमान ६ मीटर मोकळी जागा आणि ४५ टनांपर्यंतच्या बंबाचा भार सोसेल अशी पक्की जमीन सांगितली आहे, ती ह्याचसाठीं. त्या जागेंत फुलझाडांच्या कुंड्या, झोपाळा आणि पाहुण्यांच्या मोटारी मांडून आपण तिला शोभा आणतों. परंतु ती शोभेची जागा नव्हे.

आतां कोणी म्हणेल कीं, हीं सारीं परदेशांतून आणलेलीं फॅडें आहेत. आपल्या पूर्वजांस अशा कटकटी नव्हत्या. मीहि असेंच म्हणत होतों. परंतु ह्याच सुमारास कांहीं निमित्तानें कौटिल्याचें अर्थशास्त्र पुन्हां हातीं घेतलें. म्हैसूरच्या ग्रंथालयांतील पोथीवरून आर. शामशास्त्री ह्यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केलेला हा ग्रंथ आपण राजनीतीसाठीं वाचतों. त्यांतील नागरिकाच्या, म्हणजे नगराच्या अधिकाऱ्याच्या, कर्तव्यांचा अध्याय मात्र आपण भरभर उलटून जातों. त्यांत उन्हाळ्यांत भर दुपारच्या वेळीं चूल पेटविण्यास बंदी आहे. प्रत्येक घरीं पाण्याचे पांच घट, द्रोणी, शिडी, कुऱ्हाड, सूप, आंकडे आणि चामड्याची पखाल इतकें साहित्य तयार पाहिजे. नसेल तर दंड. गवताचीं छपरें काढून टाकावीं, रस्त्यांवर आणि चव्हाट्यांवर पाण्याच्या घागरींच्या ओळी मांडून ठेवाव्या, असें सांगितलें आहे. शेजारीं आग लागली असतां जो घरमालक धांवून जात नाहीं त्यास बारा पण दंड, आणि भाडेकरू न धांवला तर त्यास सहा पण. आपल्या हयगयीनें आग लावणारास चौपन्न पण. घरमालकानें रात्रीं आपल्या घराच्या दाराशीं निजावें, असाहि नियम आहे. आणीबाणीच्या वेळीं दार उघडणारा माणूस दारापाशींच असावा, हाच त्याचा हेतु असला पाहिजे. ह्याच ग्रंथांत अन्यत्र दोन घरांच्या मध्यें किती अंतर असावें हेंहि सांगितलें आहे. तेव्हां कचेरींतील त्या तरुण अभियंत्यानें आमच्या नकाशावर जें लिहिलें, तें त्यास ठाऊक असो वा नसो, फार जुनें होतें.

मात्र शास्त्रांत लिहिलेलें आचरणांत यावयास बहुधा एक आग लागावी लागते. लंडन शहरांत सप्टेंबर १६६६ मध्यें एका भटारखान्यांत आग लागली. ती चार दिवस चालली आणि सुमारें १३,२०० घरें आणि ८७ चर्चें जळून गेलीं. पुढच्याच वर्षीं, १६६७ सालीं, तेथें पुनर्बांधणीचा कायदा झाला. घरें विटांचीं किंवा दगडाचींच बांधावीं आणि रस्त्याच्या रुंदीप्रमाणें घरांचे ठराविक वर्ग असावे, असें त्यानें ठरविलें. मुंबईच्या कोटांत १७ फेब्रुवारी १८०३ रोजीं मोठी आग लागून दाट वस्तीचा बराच भाग भस्म झाला, आणि त्यानंतर वस्तीचा ओघ कोटाबाहेर वाहूं लागला. आम्हां पुणेकरांस तर दूर जावयासच नको. शनिवारवाड्यास २७ फेब्रुवारी १८२८ रोजीं आग लागली. आज तेथें आपण मुलांस काय दाखवितों? तट, बुरूज, दिल्ली दरवाजा आणि जोतीं. म्हणजे जें दगडाचें आणि विटांचें होतें तें राहिलें. सागवानी मजले, नक्षीचे खांब आणि महिरपी ह्यांचें कांहीं उरलें नाहीं. लहानपणापासून मी तीं जोतीं पाहत आलों. पण बांधकामाच्या साहित्याचा हा सर्वांत मोठा धडा आपल्या दारांत उघडा पडला आहे, हें माझ्या कधीं ध्यानांत आलें नाहीं.

तांबड्या शाईची तिसरी खूण गाळ्याची. तळमजल्यावर एक गाळा काढून तो फरसाण तळणाऱ्या एका गृहस्थास भाड्यानें द्यावा, असा धाकट्या बंधूचा विचार होता. नकाशांत गाळ्याचें मागचें दार जिन्याच्या तळाशीं उघडत होतें. ‘हें दार काढा, मध्यें अखंड भिंत घाला, आणि गाळ्यांत काय चालणार तें स्पष्ट लिहा,’ असा शेरा आला. एका दारावरून एवढें रामायण कशाला, असें तेव्हां वाटलें. परंतु कोणत्या जागेंत काय चालावें, हें ठरविणें हा नगररचनेचा अर्धा प्राण आहे. अग्नीवर उपजीविका करणाऱ्या लोकांस एका ठिकाणीं वसवावें, असें कौटिल्यानेंहि सांगून ठेविलें आहे. आपल्या देशांत नगररचनेचा पहिला कायदा झाला तो मुंबई इलाख्यांतच, १९१५ सालीं. आणि आज महाराष्ट्रांत चालतो तो प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा. त्याखालीं शहराचा विकास आराखडा होतो आणि निवास कोठें, व्यापार कोठें, कारखाने कोठें, हें त्यांत नेमून दिलेलें असतें.

न शोभणाऱ्या दोन वस्तु शेजारीं ठेवल्या म्हणजे काय होतें, ह्याचा दाखला मुंबईच्या गोदींत १४ एप्रिल १९४४ रोजीं मिळाला. ‘फोर्ट स्टिकीन’ नांवाच्या बोटींत सुमारें १४०० टन स्फोटक द्रव्यें होतीं, आणि त्याच बोटींत कापसाचे गठ्ठे भरले होते. कापूस धुमसूं लागला, आग स्फोटकांपर्यंत गेली, आणि दोन स्फोटांनीं गोदी आणि भोंवतालची वस्ती उद्ध्वस्त झाली. ती आग विझवितांना अग्निशमन दलाचे ६६ जवान कामास आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून सात दिवस अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. कापूस स्वतः दोषी नव्हता. त्याची जागा चुकली होती. आमचा फरसाणवालाहि सज्जन माणूस. पण उकळत्या तेलाची कढई आणि चार मजल्यांचा एकुलता एक जिना ह्यांच्या मध्यें नुसतें एक दार असणें, ही जागेचीच चूक होती. ती भिंत आम्हीं घातली. पुढें गाळा एका पुस्तकविक्रेत्यास दिला. तोहि कागदाचा सांठा करणारा, म्हणून भिंतीचें महत्त्व कमी झालें नाहीं.

नवी इमारत बांधूं पाहणाऱ्या वाचकांसाठीं येथें कागदपत्रांचा क्रम थोडक्यांत सांगून ठेवतों. प्रथम विकास आराखड्यांत आपली जागा कोणत्या विभागांत येते आणि रस्तारुंदीची रेघ तिच्यावरून जाते कीं काय, तें पाहावें. मग नोंदणी झालेल्या वास्तुविशारदाकडून नकाशा करून तो महापालिकेकडे दाखल करावयाचा. मुंबई शहर आणि आणखी कांहीं क्षेत्रें वगळतां, राज्यांत ह्या कामीं २०२० सालची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली चालते. मुंबईस स्वतंत्र नियमावली आहे. नकाशा मंजूर झाला म्हणजे बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र मिळतें. जोत्यापर्यंत काम आलें म्हणजे जोत्याची तपासणी होते. आणि सर्व काम मंजूर नकाशाप्रमाणें पुरें झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र मिळतें. ज्या इमारतींस लागूं असेल त्यांस अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला आधीं तात्पुरता, आणि साधनें प्रत्यक्ष बसवून दाखविल्यावर अंतिम असा घ्यावा लागतो. हीं प्रमाणपत्रें बांधणाराच्या कपाटांत आहेत, एवढ्यावर समाधान मानूं नये. त्यांच्या प्रती आपल्या घरांत असाव्या, आणि भोगवटा प्रमाणपत्राशिवाय वास्तुशांतीचा मुहूर्त काढूं नये.

संहितेप्रमाणें १५ मीटर अथवा अधिक उंचीची इमारत ती उंच इमारत, आणि तिला पाण्याचे उभे नळ, पंप, इशाऱ्याच्या घंटा, आगीस दाद न देणारीं जिन्याचीं दारें इत्यादि पुष्कळ गोष्टी लागतात. २४ मीटरांहून उंच असेल तर मध्यें आश्रयासाठीं मोकळी जागाहि ठेवावी लागते. आमची इमारत १५ मीटरांच्या आंत बसविली होती. ‘तेवढ्यामुळें निम्मी कटकट वांचली,’ असें कंत्राटदार आनंदानें म्हणाला आणि आम्हींहि माना डोलाविल्या. मीटरपट्टी घेऊन आग उंची मोजत नाहीं, हें त्या वेळीं कोणासच सुचलें नाहीं.

२०२३ च्या अक्षय्यतृतीयेस आम्ही नव्या घरांत राहावयास आलों. तळमजल्यावर गाळा आणि वाहनें, वर चार मजले. पहिल्यावर धाकटे बंधु, दुसऱ्यावर मी, तिसऱ्यावर माझा मुलगा, आणि चवथ्यावर थोरल्या वहिनी, पुतण्या, त्याची पत्नी आणि त्यांचा दोन वर्षांचा मुलगा. नियमाप्रमाणें जिना रुंद झाला होता. मग त्या रुंदीचें आम्हीं काय केलें? प्रत्येक वळणावर एकेक जोड्यांचें कपाट ठेविलें. जिन्याच्या तळाशीं विजेचे मीटर होते. त्यांच्याखालीं रद्दी ठेवूं लागलों. त्या रद्दींत बहुतेक माझींच मासिकें, वर्षवारीनें सुतळीनें बांधलेलीं. एकदां गच्चीवरून पितळेचा बंब चोरीस गेला, तेव्हां गच्चीच्या दारास कुलूप घालावें असा आग्रह मीं धरला. पुतण्या म्हणाला, ‘काका, ह्या दारास कुलूप नसावें असें वास्तुविशारदांनीं सांगितलें आहे.’ मीं म्हटलें, ‘किल्ली माझ्यापाशीं राहील, लागेल तेव्हां माग.’ किल्ली माझ्या खोलींत घड्याळाखालच्या खिळ्यास टांगली गेली.

२०२४ च्या श्रावणांत एका पहाटे तीनच्या सुमारास मीटरच्या तारेचा एक सैल जोड तापून ठिणग्या उडाल्या आणि खालची रद्दी पेटली. दिवे गेले. धुराचा स्वभाव वर जाण्याचा, आणि जिना म्हणजे वरपर्यंत उभें धुराडेंच. आम्ही दार उघडलें तों काळा धूर आंत आला. तो धूर पाहून मीं दार लावून घेतलें, हें एकच शहाणपण त्या रात्रीं माझ्या हातून घडलें. चवथ्या मजल्यावरचीं माणसें मात्र तोंवर बाहेर पडलीं होतीं. खालीं उतरणें शक्य नाहीं असें पाहून तीं वर गच्चीकडे गेलीं. दारास कुलूप. पुतण्यानें मला फोन केला. ‘काका, किल्ली!’ एवढेंच तो बोलला आणि खोकूं लागला. किल्ली माझ्या हातांत होती आणि मध्यें दोन मजले धुरानें भरलेले होते. मी तेथें नुसता उभा राहिलों. पुढें तो अंदाजानें चांचपत घरांत परत गेला, स्वयंपाकघरांतून वरवंटा आणला आणि त्यानें कुलूप फोडलें. ह्यास किती वेळ लागला तें मला सांगतां येणार नाहीं; घड्याळ समोर असूनहि मीं त्याकडे पाहिलें नाहीं.

बंब आला आणि त्यांतील माणसांनीं थोड्याच अवधींत आग विझविली. आग म्हणण्यासारखी ती नव्हतीच. दोन रद्दीचे गठ्ठे आणि जोड्यांचें एक कपाट. परंतु वहिनींच्या छातींत धूर गेला होता. त्या चार दिवस रुग्णालयांत होत्या, आणि अजूनहि दोन जिने चढल्या कीं त्यांना धाप लागते. पूर्वीं सकाळीं त्यांचीं स्तोत्रें खालपर्यंत ऐकूं येत. आतां येत नाहींत. बंबाबरोबर आलेल्या अधिकाऱ्यानें सर्व पाहून एकच प्रश्न विचारला, ‘हें कुलूप कोणीं घातलें होतें?’ घरांतील सर्व माणसें जवळ उभीं होतीं. कोणीं माझ्याकडे पाहिलेंहि नाहीं. मीं सांगितलें, ‘मीं.’

दिल्लीच्या ‘उपहार’ चित्रपटगृहांत १३ जून १९९७ रोजीं ५९ माणसें मृत्यु पावलीं, हें आपण त्या वेळीं वर्तमानपत्रांत वाचलें आहे. तेथेंहि आग खालीं, विजेच्या यंत्रांत लागली होती. सज्जांतील माणसें गेलीं तीं ज्वाळांनीं नव्हे, धुरानें गुदमरून; आणि सज्जांतून बाहेर पडण्याची एक वाट जादा खुर्च्या बसवून बंद केलेली होती. खुर्च्या तेथें पैशासाठीं बसविल्या होत्या. आमचें कुलूप चोरांच्या भयानें घातलें होतें, म्हणून तें कमी दोषी ठरतें काय? धुरांत सांपडलेल्या माणसास दोन्हीं सारखींच.

धर्मशास्त्रांत कर्माचे नित्य आणि नैमित्तिक असे भेद आहेत. मुंज, विवाह हीं निमित्तानें घडणारीं, संध्या रोजची. नकाशा मंजूर करून घेणें, भिंत घालणें, दाखला मिळविणें हें सर्व नैमित्तिक. तें एकदां झालें कीं आपण कर्तव्यांतून मोकळे झालों, असें आपणांस वाटतें. परंतु जिना मोकळा ठेवणें हें नित्यकर्म आहे. २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम हेंच सांगतो. हा कायदा ज्या इमारतींस लागूं आहे, तेथें साधनें बसविण्याची आणि तीं चालू स्थितींत ठेवण्याची जबाबदारी मालकावर अथवा भोगवटादारावर आहे, आणि साधनें चालू असल्याचें परवानाधारक संस्थेचें प्रमाणपत्र वर्षांतून दोनदां, जानेवारी आणि जुलै महिन्यांत, द्यावयाचें आहे. बांधणारा बांधून निघून जातो. त्यानंतर त्या घराचा मास्तर आपणच.

म्हणून कुटुंबांतील कर्त्या मंडळींस माझी विनंती आहे. आज रात्रीं जेवणें झाल्यावर आपल्याच जिन्यानें एकदां तळापासून गच्चीपर्यंत जाऊन यावें. वाटेंत सायकल, जोडे, कुंड्या, रद्दी जें लागेल तें हलवावें. मीटरच्या खोलींत मीटरांखेरीज कांहीं असूं नये. गच्चीचें दार आंतून किल्लीवांचून उघडलें पाहिजे. चोरांचें भय असेल तर नुसती कडी आंतल्या बाजूनें असावी. खिडक्यांना लोखंडी जाळ्या बसविल्या असतील तर निदान एकीचा एक भाग उघडणारा असावा. अग्निशामक नळकांडें भिंतीवर टांगलेलें असेल तर तें कसें चालवावें हें घरांतील सुनांना आणि मोठ्या मुलांनाहि ठाऊक असावें. मुदत संपली असेल तर भरून घ्यावें. आग लागली असतां लिफ्टमध्यें पाऊल ठेवूं नये. आपल्या घराबाहेर जिन्यांत दाट धूर दिसला तर त्यांत शिरूं नये. दार लावून त्याच्या फटींत ओलीं वस्त्रें कोंबावीं, रस्त्याकडच्या खिडकींत येऊन हांक मारावी आणि १०१ ह्या क्रमांकावर कळवावें. आमच्या वहिनींनीं असें केलें असतें तर बरें झालें असतें. पण हें त्यांना कोणीं सांगितलें नव्हतें, आणि सांगण्याचें काम घरांत माझें होतें.

आणि ज्यांच्या घराचा नकाशा अजून कागदावर आहे, त्यांनीं तांबड्या खुणांवर रागावूं नये. प्रत्येक खुणेपाशीं वास्तुविशारदास विचारावें, ‘ही जागा कशासाठीं?’ उत्तर मिळेल. तें मुलांसमक्ष विचारावें, म्हणजे जागा सोडण्याचें कारण पुढच्या पिढीलाहि कळेल, आणि वीस वर्षांनीं कोणी ती जागा बंद करूं लागला तर घरांतलाच कोणी त्याला अडवील.

आमच्या बाजूच्या समासांत पत्र्याची एक खोली घालण्याचा बेत होता, तो सोडून दिला आहे. जिन्यावरचीं कपाटें घरांत गेलीं. त्यामुळें माझ्या ग्रंथांपैकीं निम्मे शाळेस देऊन टाकावे लागले. मीटर जिन्यापासून दूर, स्वतंत्र बंद कपाटांत हलविले. जानेवारी आणि जुलै महिन्यांत परवानाधारक माणूस येतो, तेव्हां त्याच्याबरोबर मी प्रत्येक मजल्यावर जातों. सर्वांत शेवटीं आम्ही गच्चीवर पोंचतों. दाराची कडी मी स्वतः काढून पाहतों. घड्याळाखालचा खिळा तसाच आहे. त्यावर आतां कांहीं टांगीत नाहीं.